ऑर्केस्ट्रासाठी बेस गिटार: चार तारा, काळी दोन आणि खारा वारा

प्रश्न थोडक्यात असा: "गुहागरजवळ आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, गणपती, शिमगा, वाडीतल्या पूजा असे कार्यक्रम करतो. आजवर बेस कीबोर्डवालाच डाव्या हाताने सांभाळत होता. आता मी गिटार सोडून बेस वाजवायचं ठरवलंय. पंचवीस हजारांपर्यंत जमेल. सगळे म्हणतात, आपल्या पट्ट्यांना पाच तारांचाच बेस लागतो. खरं का? ॲम्प कोणता घेऊ? समुद्राच्या हवेत वाद्य टिकतं का? आणि तुमचं स्वतःचं आवडतं वाद्य कोणतं?"

चार तारांचाच घ्या. पाच तारांचा सल्ला देणारे चुकीचं बोलतात असं नाही, पण त्यांचं गणित स्टुडिओतलं आहे. तुम्हाला वाजवायचंय मंडपात.

ते काय म्हणतात ते आधी पाहू. बेसच्या चार तारा जाडीकडून ई, ए, डी, जी. म्हणजे आपल्या पेटीच्या हिशेबात पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सगळ्यात खालचा स्वर पांढरी तीन, साधारण 41 हर्ट्झ. आता आपले पुरुष गायक गातात कुठे? काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. हे तिन्ही सा त्या ई तारेच्या खाली पडतात, म्हणून चार तारांवर तळाचा सा मिळतच नाही. पाचवी तार बी, म्हणजे पांढरी सात. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्या म्हणजे फ्रेट) काळी एक आणि चौथ्यावर काळी दोन मिळते. कागदावर मुद्दा बिनतोड आहे.

पण त्या तळाच्या काळी दोनची कंप्रता आहे 39 हर्ट्झच्या आसपास, आणि काळी एकची त्याहूनही कमी, 35 च्या जवळ. तुमच्याकडे येणाऱ्या साउंडवाल्याचे पंधरा इंची टॉप स्पीकर आणि जुने सबवूफर चाळीसच्या खाली दम टाकतात. उघड्या मैदानात बेसला आधार द्यायला भिंती नसतात, त्यामुळे होतं नव्हतं तेही हवेत जातं. लोकांना ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंश. तुम्ही बोट दुखेपर्यंत दाबता आणि समोरचा विचारतो, "बेस खंय गेलो?"

त्याऐवजी ए तारेवर सहाव्या फ्रेटवर काळी दोनचा सा घ्या. तो 78 हर्ट्झचा. मंडपातल्या कुठल्याही स्पीकरमधून तो छातीवर येतो. त्याचा खालचा प कुठे? बाजूच्या ई तारेवर, त्याच सहाव्या फ्रेटवर. पट्टी काळी एक असेल तर दोन्ही चौथ्या फ्रेटवर, पांढरी दोन असेल तर दोन्ही पाचव्यावर. हात एका जागी, सा मधल्या तारेवर आणि प त्याच्या डोक्यावर. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली, आणि ते बदलतातच, तर पंजा तसाच उचलायचा आणि सरकवायचा. बाई गाणार असतील तर काळी चार, काळी पाच. तिथे तर ई तारेवरच चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर भरदार खालचा सा आहे. पाचव्या तारेची गरज आली कुठे?

एक सावधगिरी. प्रत्येक गाण्यात सा-प, सा-प करत बसू नका. बेसवाल्यांना ही सवय पाश्चात्त्य गाण्यांतून लागते आणि अभंगाला बसलं की अंगाशी येते. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. त्यातला अभंग चालू असताना तुम्ही प ठोकलात तर ऐकणाऱ्याला नाव सांगता येणार नाही, पण काहीतरी बिनसलंय हे प्रत्येकाला कळेल आणि पेटीवाला मान वळवून बघेल. तिथे सा-म धरा. काळी एकला खालचा म ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे. मारव्यातही तेच पथ्य, पंचम नाही. गाणं बसवताना पेटीवाल्याला एकदा विचारायचं, "यात पंचम आहे ना?" एवढ्याने निम्मी अब्रू वाचते.

पेटीवरून आठवलं: ट्यूनिंग मोबाइलवर लावून मोकळे होऊ नका. आपल्याकडच्या कितीतरी पेट्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात, कुणाची चढी, कुणाची उतरलेली. पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही. पेटीची पांढरी सहा वाजवून घ्या, ट्यूनर कुठे थांबतो ते बघा आणि त्याचं मूळ माप तेवढं सरकवा. कीबोर्डवाल्यालाही तसं करायला लावा. बहुतेक कीबोर्डांत ती सोय असते, वापरत कोणी नाही.

आता खरा विषय: ढोलकी.

तुमच्या ऑर्केस्ट्रात बेस नवीन आहे. ढोलकीवाला मात्र वर्षानुवर्षं एकट्याने तळ सांभाळतोय. ढोलकीची धुम, तबल्याचा डग्गा आणि तुमची ई तार ही तिघं आवाजाच्या एकाच पट्ट्यात राहतात. तुम्ही सतत वाजवत राहिलात तर त्याची धुम मरते, तो जोरात मारायला लागतो, साउंडवाला दोघांना वर चढवतो आणि गायक गायबच. हे भांडण कार्यक्रमात सुटत नाही, तालमीत सोडवावं लागतं.

साधा केरवा घ्या. धा गे ना ती, न क धी न. तोंडाने म्हणा आणि डग्गा कुठे घुमतो ते ऐका. पहिल्या मात्रेला धा, दुसरीला गे, आणि मग थेट सातवीला धी. मधे तिसरी-चौथी, आणि पाचवी म्हणजे खाली, तिथे डग्गा घुमत नाही. सहावीचा क आहे तो बंद, कोरडा. म्हणजे ठेक्यानेच तुम्हाला बेसची ओळ लिहून दिलेली आहे: समेवर सा, सातव्या मात्रेवर प, आणि मधे हात तारेवर ठेवून आवाज बंद. खालीला वाजवायचं नाही. नवा माणूस नेमका खालीलाच काहीतरी भरतो, कारण तिथे त्याला रिकामं वाटतं. ती जागा रिकामी असते म्हणूनच पुढची सम उचलली जाते.

दुसऱ्या मात्रेचा गे तुम्ही घ्यायचा की ढोलकीला सोडायचा, ते गाण्याच्या लयीवर ठरवा. संथ अभंगात सोडा. कोळीगीतात घ्या, पण आखूड, बोट उचलून तोडलेला. डाव्या हाताने स्वर कधी तोडायचा हे कळलं की माणूस बेसवाला झाला असं मी समजतो. कुठला स्वर वाजवायचा हे त्यामानाने सोपं आहे.

दादऱ्यात हाच हिशेब सहा मात्रांचा. डिस्को-छाप हिंदी गाण्यांत ढोलकीच्या जागी ऑक्टोपॅडवाल्याचा किक, म्हणजे ड्रमचा तळाचा ठोका असतो, तिथे सरळ किकला चिकटून राहा. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात मात्र बेस नेण्याचा हट्ट धरू नका. पखवाज, पेटी आणि झांजा यांनी ती जागा भरलेली असते. आम्हाला बोलावणं आलं तरी मी नाही म्हणतो.

वाद्याकडे येतो. पंचवीस हजारांतले अठरा-वीसच वाद्यावर घाला. बाकीचे तारा, सेटिंग, बरी केबल, पट्टा आणि डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडायची डबी) यांना ठेवा. या रकमेच्या आसपास यामाहाचा टीआरबीएक्स 174, स्क्वायरचे प्रिसिजन पद्धतीचे बेस आणि इबानेझची जीएसआर मालिका बघा. माझा कल पहिल्या दोघांकडे. कारण सरळ आहे: दोन्ही पॅसिव्ह, सेल लागत नाही. जीएसआर 200 मध्ये बेस वाढवणारं सर्किट आहे आणि त्याला नऊ व्होल्टचा सेल लागतो. तो सेल संपायचा मुहूर्त नेहमी मुख्य पाहुणे स्टेजवर चढतात तोच असतो. शिवाय खाऱ्या हवेत सेलच्या पत्र्या हिरव्या पडतात. ॲक्टिव्ह, म्हणजे सेलवर चालणारं वाद्य घेतलंतच तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची शिस्त लावा. केबल खोचलेली राहिली की आतला सेल जळतच राहतो.

पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारा चुंबकी तुकडा, दोन भागांत तोडलेला, म्हणजे प्रिसिजन पद्धतीचा असावा. अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचा पिकअप एकसंध होता. 1957 मध्ये त्याने तो दोन तुकड्यांचा केला आणि तेव्हापासून त्यात विजेची घरघर जवळजवळ येतच नाही. जनरेटर, एलईडी पारचे दिवे आणि डिमर यांच्या शेजारी उभं राहून वाजवणाऱ्याला हे सोनं आहे. टीआरबीएक्स 174 मध्ये नेककडे (मानेकडे) असा तुटक पिकअप आणि ब्रिजकडे (तारा धडाला अडकतात तिकडे) साधा सिंगल कॉइल आहे. दिव्यांची घरघर आली की ब्रिजवाल्याचा व्हॉल्यूम उतरवा. फेंडरच्याच 1960 च्या जॅझ बेसच्या घडणीचं वाद्य मिळालं तर त्यात दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की घरघर एकमेकांत विरते, एक उतरवला की परत येते.

पाच तारांच्या स्वस्त वाद्याबद्दल अजून एक गोष्ट. तारेच्या 34 इंची लांबीवर बारीक बी तार ढिली, लोंबती लागते. 130 ची जाड तार घातली की बरी होते, पण मग नट (मानेच्या टोकाचा, तारांच्या खाचा असलेला तुकडा) घासून घ्यावा लागतो आणि आपल्या बाजूला ते काम नीट करणारा पटकन सापडत नाही. पुढेमागे गोव्यातल्या हॉटेलांत वाजवायला लागलात, सिंथ-बेसवर बांधलेली नवी गाणी तशीच्या तशी हवी असली, तर तेव्हा पाच तारांचा घ्या. मीही त्याच कामांना काढतो.

ॲम्प आत्ता घेऊ नका. स्टेजला पुरेल असा बेस ॲम्प तुमच्या रकमेत येत नाही, आणि आला तरी टेम्पोत त्याला जागा कोण देणार? घरी सरावाला हेडफोनवर चालणारा लहानसा प्लग-ॲम्प पुरतो, व्हॉक्सचा येतो तसा. मित्राच्या गिटार ॲम्पमध्ये बेस मोठ्याने वाजवू नका, त्याचा स्पीकर फाटेल. स्टेजवर डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जा. बेसचा सिग्नल जात्याच नाजूक, लांब केबलमध्ये त्याचं पाणी होतं. डीआय तो मिक्सरला पेलेल असा करून देतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटन आहे ना, हे घेताना बघा. घरघर आली की आधी ते दाबायचं.

साउंडवाल्याशी बोलताना "बेस वाढव" असं म्हणू नका. तो खालची घुमक वाढवेल आणि सगळं चिखल होईल. चाळीसच्या खालचं काप आणि सातशे-आठशेच्या आसपास थोडं दे, असं सांगा. मॉनिटरमध्ये स्वतःचं ऐकू यायचं गुपित त्या सातशेतच आहे. मैदानात थोडा जास्त तळ चालतो. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात किंवा मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात, म्हणजे कुठल्याही बंद सभागृहात, तोच तळ कमी करून घ्यावा लागतो. प्लायवूडचं पोकळ स्टेज असेल तर मॉनिटर थेट फळीवर नको, खाली जाड रबर किंवा दुमडलेली ताडपत्री घाला.

आता जरा गंभीरपणे. बेसच्या तारा आतून ग्राउंडला जोडलेल्या असतात. जनरेटरचं अर्थिंग नीट नसेल आणि तुमचा हात तारांवर असताना ओठ माइकला लागले तर करंट तुमच्यातून वाट काढतो. 1972 मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्झी इथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्टेजवरच असा विजेच्या धक्क्याने गेला. गणपतीत आपलं स्टेज ओलं, पाय अनवाणी, वायरींचे जोड चिकटपट्टीचे. साउंड चेकला तारांवर हात ठेवून माइकच्या जाळीला टेस्टर लावा. दिवा लागला तर माइकला हात लावायचा नाही आणि वायरमन आल्याशिवाय वाजवायचं नाही. मंडळाचे कार्यकर्ते घाई करतील, करू द्या.

खारी हवा. वाद्य टिकतं, पण आपोआप टिकत नाही. लाकडाची भीती सगळ्यांना वाटते, प्रत्यक्षात आधी मरतं ते लोखंड. बेसचा ब्रिज जवळून बघा. प्रत्येक तारेखाली एक खोगीर, त्यात दोन बारीक बिनडोक्याचे स्क्रू, ज्यांच्यावर तारेची उंची ठरते. हे स्क्रू समुद्राजवळ पहिल्याच पावसाळ्यात गंजून खोगिरात बसतात. मग दोन वर्षांनी तार खाली करायची म्हणून ॲलन की घालावी तर आतलं षटकोनी भोक गोल होतं आणि तो स्क्रू कायमचा गेला. उपाय फुकटातला आहे: नवं वाद्य घरी आलं की त्याच आठवड्यात हे आठही स्क्रू एकेक बाहेर काढायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून परत जागेवर बसवायचे. दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा. तेल थेंबभरच, नाहीतर धूळ धरते.

वाजवून झालं की तारा पुसताना फडकं तारांच्या खालून घाला, घाम खालीच साचतो. व्हॉल्यूमच्या खुंट्या खरखरू लागल्या की कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीला वाद्य टांगू नका, आतल्या भिंतीला टांगा. पावसात बॅगेत कोंडून ठेवलं तर पट्ट्याला आणि अस्तराला बुरशी येते. बॅगेत निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजून पुन्हा निळी करून घ्या, फक्त जेवणाचा तवा वापरू नका. आणि फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका, हे आपल्या भागात मुद्दाम सांगावं लागतं. ते खवट होतं, चिकट होतं, मळ धरतं. मिनरल ऑइल मिळतं, वर्षातून एकदा बोटभर पुरे.

नेक ऋतूप्रमाणे हलते. आषाढात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं. फट फार असेल किंवा अजिबात नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेतला लोखंडी दांडा, फिरवायचा, एका वेळी पाव फेरा. मग वाद्य रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी बघायचं. अडत असेल तर जोर लावायचा नाही.

आवडतं वाद्य विचारलंत. माझ्याकडे प्रिसिजन पद्धतीचा जुना बेस आहे, त्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुंडाळीच्या गुळगुळीत तारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याचं वाद्य 1962 चं प्रिसिजन होतं, तारा फ्लॅटवाउंड, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. तो आवाज ढोलकीशेजारी इतका छान बसतो की माझ्यापुरता विषय संपला. फ्लॅटवाउंड महाग, पण वर्षानुवर्षं चालतात, खाचांत घाम-मळ साचत नाही. त्याहून कोकणाला मानवणारी आणखी एक जात आहे, नायलॉनचं वेष्टण असलेली टेपवाउंड. बाहेरून गंजायला लोखंडच नाही. आवाज मऊ, उभ्या डबल बेसकडे झुकणारा. नाट्यपदांना आणि अभंगांना मी त्याच सुचवतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या फेस्तांना (चर्चच्या सणांना) नाचाची गाणी असतात, तिथे त्या थोड्या मवाळ पडतात. तिथे साध्या निकेलच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेच्या गुंडाळीच्या बऱ्या.

फ्रेटलेसचा, म्हणजे बिनफ्रेटच्या बेसचा मोह होईल, कारण मींड मिळते. अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसचे फ्रेट काढून बोर्डावर बोटींना लावायचं इपॉक्सी चढवलं होतं, हे वाचून किनाऱ्यावरच्या पोरांचे डोळे चमकतात. होडीच्या कारखान्यातलं फायबरचं रेझिन आणून हा प्रयोग करू नका, ते बहुधा पॉलिएस्टरचं असतं आणि बेसची वाट लागेल. फ्रेटलेस सूर पक्का झाल्यावर घ्या.

ऐकायला जेमरसन आहेच, पण आपली माणसंही ऐका. आर. डी. बर्मन यांच्याकडे बेस वाजवलेले टोनी वाझ आणि चरणजित सिंग, रहमान यांच्याकडचे कीथ पीटर्स, आजच्यांत मुंबईची मोहिनी डे. जुन्या हिंदी गाण्यांत हेडफोन लावून फक्त बेस ऐकत एक अंतरा पुरा करा. तबल्याला किती जागा सोडली आहे ते ऐका.

मुंबईला किंवा पणजीला दुकानात जाल तेव्हा ॲम्प बंद ठेवून वाद्य मांडीवर घ्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, कुठे खरखरते ते बघा. बाराव्या फ्रेटचा स्वर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून निघणारा स्वर) जुळतात का, ते ट्यूनरवर बघा. नेकच्या टोकाकडून डोळा लावून पीळ पडलाय का पाहा, पीळ असेल तर स्वस्त असलं तरी नको. जॅक हलवून बघा. ट्रस रॉडचं तोंड शाबूत आहे का बघा, जुनं घेताना हे आधी. मग ॲम्प लावा आणि ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर काळी दोनचा सा धरून केरव्याची एक-दोन आवर्तनं वाजवा. ढोलकीवाल्याला बरोबर नेलंत तर उत्तम. ऑनलाइन मागवलंत तर परतीची मुदत संपायच्या आत हे सगळं घरी उरका.